पॅच लागला, एवढंच लिहू नका

सोमवार, १५ मे २०१७. शुक्रवार रात्रीपासून टीव्हीवर एकच बातमी होती. ‘वॉनाक्राय’ नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरत होतं, फायलींना कुलूप घालून पैसे मागत होतं. सकाळी नऊच्या आधीच एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. “आज कॉम्प्युटर सुरू करायचे का नाहीत, ते सांगा.” त्यांचे एक्केचाळीस कॉम्प्युटर, सगळे विंडोज ७ चे, मी सांभाळत होतो. म्हटलं, “साहेब, दहा मिनिटं द्या. यादी बघून सांगतो.”

यादी माझ्याकडे होती. रोज संध्याकाळी बंद होताना प्रत्येक कॉम्प्युटर आपल्यावर बसलेल्या अपडेटचे क्रमांक सर्व्हरवर ठेवून जायचा, आणि मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम ते वाचून प्रत्येकापुढे ‘पॅच’ या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ भरायचा. त्या दोन दिवसांत सगळीकडे फिरणाऱ्या सूचनेत क्रमांक होता केबी४०१२२१२. तो मी प्रोग्रॅममध्ये टाकला. तीन ठिकाणी ‘हो’ आलं, अडतीस ठिकाणी ‘नाही’. मी काउंटर बंद ठेवायला सांगितलं. बाहेर पेन्शनवाल्यांची रांग लागलेली.

मग नेटवर्कची वायर काढून एकेक मशीन हातानं तपासलं. दुपारी दोनपर्यंत कळलं ते असं. अडतीसपैकी बत्तीस मशीन मुळातच सुरक्षित होती. त्यांच्यावर मे महिन्याचा एकत्रित अपडेट आपोआप बसला होता, त्याचा क्रमांक केबी४०१९२६४. मार्चमधली दुरुस्ती त्याच्या पोटात होती, फक्त नाव दुसरं. खरोखर उघडी मशीन सहाच. आणि ‘हो’ असलेल्या तीनपैकी एक, पासबुक छापायचं, तेही उघडंच होतं. ते कधी बंद होत नसल्यामुळे त्याचं ‘हो’ आमच्याकडच्या मुलानं हातानं भरलं होतं. पॅच त्यानं एप्रिलमध्ये बसवला होता हे खरं. पण बसवल्यावर ‘रीस्टार्ट करा’ असा जो निरोप आला, तो त्यानं बाजूला सारला, कारण मशीनवर कागद चिकटवलेला होता : ‘बंद करू नये’. म्हणजे दुरुस्त फाइल येऊन थांबलेली आणि चालू होती ती जुनीच.

त्या दिवशी नुकसान काही झालं नाही. पण माझ्या यादीनं बत्तीस वेळा उगाच घाबरवलं आणि एकदा खोटा धीर दिला. तो एक खोटा धीर मला अजून बोचतो. चूक त्या मुलाची नव्हती. मी त्याला भरायला रकानाच तसा दिला होता.

पतसंस्था, दवाखाने, शाळा, दुकानं यांचे कॉम्प्युटर सांभाळणारी असंख्य मुलंमुली आपल्याकडे आहेत. कुणी एक्सेलमध्ये, कुणी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये अशी यादी ठेवतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तो ‘हो-नाही’चा रकाना काढून टाका. आणि ज्यांचा कोडशी काही संबंध नाही, पण ज्यांची ठेव, रक्ताचे रिपोर्ट, मुलांचे मार्क या मशीनमध्ये आहेत, त्यांनीही हे वाचावं. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशाबद्दल विचारता, तसं या यादीबद्दलही विचारा.

पॅच म्हणजे ठिगळ. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कुठे भोक सापडलं की कंपनी ते बुजवणारा तुकडा पाठवते. तो कोणता, कधीचा, कोणत्या भोकासाठी, कोणत्या जुन्या ठिगळाच्या जागी, ही माहिती म्हणजे पॅचची नोंद. शेती असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. सातबाऱ्यावर नुसतं नाव नसतं, फेरफार क्रमांकही असतो. वडील गेले, वारसांची नावं लागली, तर जुनं नाव पुसून टाकत नाहीत, ते कंसात जातं. बदल कशानं झाला ते गाव नमुना ६ मध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत सापडतं. म्हणून चाळीस वर्षांनी वाद निघाला तरी मागे जाऊन बघता येतं. पॅचची नोंद मला तशी हवी आहे. आज मशीनवर काय आहे ते एका जागी, ते कशामुळे आलं ते दुसऱ्या जागी, आणि जुनं कंसात.

नोंद नसली तर काय होतं, हे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, त्याच आठवड्यात भोगलं. मायक्रोसॉफ्टनं पॅच १४ मार्चलाच दिला होता. एनएचएसच्या डिजिटल विभागानं १७ मार्चला आणि २८ एप्रिलला, ‘हा लावून घ्या’ असे इशारेही पाठवले होते. तरी १२ मे रोजी इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टपैकी ८० ट्रस्टना झळ बसली, हजारो रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं नंतर अहवाल दिला, त्यात दोन गोष्टी आहेत. बाधित मशीनपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं, म्हणजे ज्याचा पॅच हाताशी होता आणि लावलेला नव्हता. आणि इशारे पाळले गेले की नाही, हे तपासायची कोणतीही ठरलेली पद्धत आरोग्य खात्याकडे नव्हती. इशारा गेला, पण लावल्याची पोच कुणी मागितलीच नाही.

सहा आठवड्यांनी, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्यात उरणजवळचं जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. पसरायला त्यानं मार्चमध्ये बुजवलेली तीच फट वापरली. शिवाय एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलून तो पॅच लावलेल्या शेजारच्या मशीनमध्येही शिरत होता. एक्केचाळीसपैकी चाळीस पक्की असून भागत नाही ते यामुळे.

आता नोंद करायची कशी ते बघू. इथे थोडा धीर धरा, कारण चुका इथेच होतात.

पहिला घोटाळा नावांचा. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला, त्याचा जगन्मान्य क्रमांक सीव्हीई-२०१७-०१४४. मायक्रोसॉफ्टच्या ज्या पत्रकात ते आलं त्याचं नाव एमएस१७-०१०, आणि त्या एका पत्रकात अशी सहा भोकं होती. आणि प्रत्यक्ष मशीनवर जो गठ्ठा बसतो त्याला केबी क्रमांक, तोही प्रत्येक विंडोजसाठी निराळा. एक्सपीसाठी केबी४०१२५९८, विंडोज ७ साठी मार्चमध्ये दोन, केबी४०१२२१२ आणि केबी४०१२२१५. म्हणजे भोक, पत्रक आणि गठ्ठा या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एका गठ्ठ्यात अनेक भोकांची दुरुस्ती असते, एका भोकासाठी अनेक गठ्ठे असतात. हे एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबलं, की शोधताना हमखास काहीतरी निसटतं. तीन वेगळी टेबलं करा आणि मधे नाती जोडणारी टेबलं ठेवा. काम थोडं वाढतं, पण एकदाच.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी त्या सोमवारी फसलो, ती म्हणजे ‘कोणाची जागा कोणी घेतली’. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ ला दर महिन्याला दोन प्रकारचे गठ्ठे येऊ लागले. एक मासिक एकत्रित गठ्ठा. मे महिन्याचा ४०१९२६४ हा एप्रिलच्या ४०१५५४९ ला पोटात घेतो, तो मार्चच्या ४०१२२१५ ला, आणि मार्चच्या गठ्ठ्यात ‘०१४४’ ची दुरुस्ती आहे. ही साखळी कोडमध्ये मांडली, तर प्रोग्रॅम स्वतःच मागे चालत जाऊन सांगतो की मशीन सुरक्षित आहे. दुसरा प्रकार फक्त त्या महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्यांचा. तो मागच्या महिन्यांचे गठ्ठे पोटात घेत नाही. मे महिन्यातला तसला गठ्ठा होता ४०१९२६३. क्रमांक बघा, शेवटच्या एका आकड्याचा फरक. पण ४०१९२६३ बसला म्हणून मार्चचा गठ्ठाही बसला आहे, असं म्हणता येत नाही. ‘मोठा क्रमांक म्हणजे नवा, नवा म्हणजे सुरक्षित’ असा हिशेब ज्यांनी कोडमध्ये लिहिला, त्यांना ही दोन भावंडं एकसारखीच दिसणार. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यापुढे त्याचा प्रकार लिहा, आणि तो कोणाच्या जागी आला ते लिहा. जुन्याची ओळ काढून टाकू नका. सातबाऱ्यावरच्यासारखी ती कंसात ठेवा.

व्हर्जनच्या आकड्यांबद्दल तर मी दिवसभर बोलू शकेन. ॲपलची मॅकसाठीची ओएस एक्स १०.९ आली २०१३ मध्ये आणि १०.१० आली २०१४ मध्ये. हे दशांश अपूर्णांक म्हणून ठेवलंत तर १०.१० चं १०.१ होतं, आणि नवी सिस्टिम जुनीपेक्षा जुनी ठरते. शब्द म्हणून अक्षरानं अक्षर लावून पाहिलंत तरी ‘९’ हा ‘१’ च्या पुढे जातो, निकाल तोच उलटा. व्हर्जन हा आकडा नाही. टिंबांनी तोडलेले तुकडे एकेक करून, प्रत्येक तुकडा पूर्णांक समजून ताडून पाहावे लागतात.

लिनक्सवर ही गोष्ट आणखी खोल जाते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक सापडलं. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत सगळं धोक्याचं, १.०.१जी मध्ये दुरुस्त. असंख्य लोकांनी ‘जी’ आहे का एवढंच पाहिलं. पण डेबियन हा लिनक्सचा प्रकार आपल्या स्थिर आवृत्तीत नवं व्हर्जन घालत नाही, जुन्यालाच नेमकी दुरुस्ती शिवतो. त्यांचा दुरुस्त गठ्ठा होता १.०.१ई-२+डेब७यू५. पुढे बघाल तर ‘ई’, म्हणजे धोका. शेपटीत बघाल तर ‘यू५’, म्हणजे दुरुस्ती. ज्यांच्या यादीत शेपूट छाटून फक्त ‘१.०.१ई’ उरलं होतं, त्यांना दुरुस्त मशीन आणि उघडं मशीन वेगळं ओळखायला काही वावच राहिला नाही.

आणि मार्च २०२४ चं उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे. ‘एक्सझेड’ या संक्षेपणाच्या साध्या सामानात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. दूषित व्हर्जन ५.६.० आणि ५.६.१. डेबियनच्या विकासातल्या शाखेत ते पोचलं होतं. त्यांना मागे ५.४.५ वर यायचं होतं, पण त्यांची यंत्रणा आपोआप फक्त पुढच्याच व्हर्जनवर जाते. म्हणून त्यांनी गठ्ठ्याला नाव दिलं ५.६.१+रिअली५.४.५-१. नाव म्हणतं मी ५.६.१ च्या पुढचा, आत माल ५.४.५ चा, सुरक्षित. ज्याच्या कोडनं नावातला सुरुवातीचा ५.६.१ एवढाच उचलला, त्यानं बऱ्या झालेल्या मशीनला रोगी ठरवलं.

तेव्हा व्हर्जन जसं मिळालं तसं, पूर्ण, एका अक्षराचीही काटछाट न करता साठवा. शेजारी ते कोणत्या सिस्टिमचं आहे ते लिहा, कारण प्रत्येकीचे लहानमोठं ठरवायचे नियम निराळे. आणि तुलना स्वतः लिहू नका. डेबियनची तुलना डेबियनच्याच साधनाला करू द्या. हुशार मुलांना ही तुलना दहा ओळींत लिहायचा मोह होतो. मलाही झाला होता. डेबियनच्या नियमात ‘~’ हे चिन्ह काहीच नसण्याच्याही आधी लागतं. दहा ओळींत हे कुठून येणार?

क्रमांकांचंही तसंच. सीव्हीईची पद्धत १९९९ ला सुरू झाली तेव्हा वर्षामागे चार अंक पुरेसे वाटले. २०१४ पासून ती मर्यादा उठवावी लागली. ज्यांनी चारच अंकांची जागा ठेवली होती त्यांचे प्रोग्रॅम तिथे अडले. आणि एक्सेलमध्ये ‘०१४४’ वेगळ्या रकान्यात भरलंत की पुढचं शून्य गायब. हे क्रमांक म्हणजे नावं आहेत, बेरजेचे आकडे नाहीत. मजकूर म्हणून ठेवा.

तारखांचं थोडक्यात सांगतो. पॅच निघाला कधी, बसला कधी, आणि त्यानंतर मशीन पुन्हा सुरू झालं कधी, या तीन वेगळ्या तारखा. तिसरी बहुतेकांकडे नसतेच, आणि आमचं पासबुकचं मशीन नेमकं तिथेच अडकलं होतं. लिनक्सवरही नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो आणि रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच चालत राहतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. ०३/०४/२०१७ हे ३ एप्रिल की ४ मार्च, हे दोन मशीन दोन प्रकारे सांगतात, आणि विंडोजची जुनी यादी ही तारीख नुसता मजकूर म्हणून हातात देते. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेनुसार सकाळी दहाला निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. आपलं काम बुधवारी सुरू होतं, ते ‘उशीर’ म्हणून मोजू नका.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ती. तुमच्या कोडमध्ये ‘माहीत नाही’ला स्वतःची जागा द्या. मशीन बंद होतं, उत्तर आलं नाही, यादी अर्धीच आली, तर रिकामा रकाना राहतो, आणि पुढे कुणीतरी त्या रिकाम्याचा अर्थ ‘नाही’ लावतं, किंवा त्याहून घातक म्हणजे ‘काही अडचण नाही’ असा लावतं. माहीत नाही, लावला नाही, लावला पण रीस्टार्ट बाकी आहे, चालू आहे, आणि या सिस्टिमला लागूच नाही, अशा पाच अवस्था तरी ठेवा. आणि प्रत्येक नोंदीला दोन साक्षीदार जोडा : हे कोणी सांगितलं, आणि कधी पाहिलं. तीन महिन्यांपूर्वीचं ‘चालू आहे’ आणि आज सकाळचं ‘चालू आहे’ यांचा रंग अहवालात एकच असू नये. हातानं भरलेली नोंद वेगळी दिसली पाहिजे. त्यात भरणाऱ्याचा अपमान नाही, त्याचं संरक्षण आहे.

सांगणारा कोण याला एवढं महत्त्व का, ते फोनवरून कळेल. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, फोनविषयीच्या माहितीत, ‘सुरक्षा पॅच’ म्हणून एक तारीख असते. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं ठेवलेली ती साधी ओळ मला मनापासून आवडते. कोणालाही वाचता येते, कोडमध्ये आहे तशी लावली तरी क्रम बरोबर लागतो. पण २०१८ मध्ये बर्लिनच्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्जनं १,२०० फोनचं सॉफ्टवेअर उघडून तपासलं, तेव्हा काही कंपन्यांच्या फोनमध्ये तारीख पुढची आणि आत त्या तारखेपर्यंतच्या काही दुरुस्त्या गैरहजर, असं आढळलं. तारीख हा दावा आहे. पुरावा आतल्या कोडमध्ये असतो. वॉनाक्रायच्या वेळी मायक्रोसॉफ्टनंही केबी क्रमांकांच्या लांबलचक यादीबरोबर दुसरी वाट सांगितली होती : ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ‘एसआरव्ही.एसवायएस’ ही फाइल बघा, विंडोज ७ वर तिचं व्हर्जन ६.१.७६०१.२३६८९ किंवा पुढचं असेल तर दुरुस्ती आहे. नाव काहीही असो, ती फाइल खोटं बोलत नाही. पुढे मी माझ्या प्रोग्रॅममध्ये दावा आणि पुरावा असे दोन रकाने केले. दोन्ही जुळले नाहीत तर ओळ लाल होते आणि माणूस जाऊन बघतो.

ज्यांना कोडमधलं काही कळलं नाही त्यांनी आज एवढं करा. फोनमधली ती तारीख बघा. ती वर्षभर मागची असेल आणि ‘नवा अपडेट नाही’ असं फोन सांगत असेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार ठेवू नका, निदान मोठे तरी नकोत. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनमध्येही बघा. त्यांच्याकडे बहुधा आपणच वापरून दिलेला जुना फोन असतो, आणि फसवणाऱ्यांचे फोनही त्यांनाच जास्त येतात.

आणि संस्थेत जो मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर बघते, तिला यादी मागताना रागानं मागू नका. “सगळे अपडेटेड आहेत ना?” असा प्रश्न विचारलात तर उत्तर ‘हो’च येणार, कारण प्रश्नातच तेवढी एक जागा ठेवलेली आहे. “किती मशीनचं आपल्याला माहीत नाही?” असं विचारा. ती संख्या खरी सांगितली म्हणून कुणाला बोल लावू नका.

त्या पतसंस्थेत पासबुकच्या मशीनवरचा जुना कागद आम्ही काढला. नव्यावर मी आणि व्यवस्थापकांनी बसून मजकूर ठरवला : ‘दुसऱ्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला बंद करून पुन्हा सुरू करावे.’ खाली तारखांसाठी ओळी आखल्या आणि समोर सहीची जागा ठेवली. पहिली सही त्याच मुलानं केली. तुमच्याकडेही ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवलेलं एखादं मशीन असेल. ते शेवटचं कधी बंद केलं होतं ते आज विचारा, आणि कुणालाच सांगता आलं नाही तर तसंच लिहून ठेवा.